पाठीवरचं दप्तर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९७८ च्या दहावीच्या तुकडीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'निवृत्तीनंतरचं आयुष्य' असा विषय दिला होता. मी त्यांना सांगितलं, एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याइतकी अक्कल मला अजून आलेली नाही. पण एका छोट्या विषयावर बोलू शकेन. आपली इथली मैत्रीण आणि मी स्पेनला पायी फिरून आलो, हे आपल्या ग्रुपवर कळल्यापासून मला निदान पंधरा-वीस जणांचे फोन आले. व्हिसा कसा काढला, जेवणाचं काय केलं, हे सगळे विचारतातच, पण शेवटी प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो : "सॅक कुठली घेऊ?" तेव्हा आज एकदाच सगळ्यांना सांगून टाकते, म्हणजे माझं फोनचं बिल वाचेल.

हा प्रश्न तुम्ही अगदी योग्य माणसाला विचारताय. कारण आमच्या दोघींत चुकीची सॅक घेऊन जाणारी मी होते.

आधी प्रवासाबद्दल थोडं सांगते. स्पेनच्या पश्चिम टोकाला सांतियागो द कोंपोस्तेला नावाचं गाव आहे. तिथल्या मोठ्या चर्चला पायी जाण्याची प्रथा हजार वर्षांहून जुनी आहे. त्या वाटांना 'कामिनो' म्हणतात. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध वाट फ्रान्सच्या हद्दीतल्या सँ-जाँ-प्ये-द-पोर या गावातून निघते, पिरेनीज पर्वत ओलांडते आणि जवळजवळ ७८० किलोमीटरनी सांतियागोला पोचते. स्पेनमधल्या या मार्गाला १९९३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. आता सगळ्या धर्मांचे, सगळ्या देशांचे लोक तिथे चालतात. रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालायचं आणि रात्री वाटेवरच्या यात्रेकरूंच्या निवासात राहायचं. तिथे एका खोलीत वीस-तीस खाटा असतात आणि सकाळी आठच्या आत जागा सोडावी लागते. आम्ही २०२३ च्या सप्टेंबरात निघालो. चालून झाल्यावर पोर्तुगालमध्ये थोडं फिरलो आणि एकूण ५८ दिवसांनी घरी आलो.

५८ दिवस आणि एक सॅक. आता माझी चूक सांगते.

माझे यजमान २०२० साली गेले. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा येऊ शकला नाहीत, ते दिवसच तसे होते. ह्यांना सह्याद्रीचं वेड होतं, हे तुम्हाला माहीत आहे. सत्तर लिटरची त्यांची एक सॅक होती, निळी, उन्हाने पांढुरकी पडलेली. आतल्या झाकणावर त्यांनी मार्करने नाव आणि रक्तगट लिहिलेला होता. ती माळ्यावर होती. प्रवासाचं ठरलं त्याच दिवशी मी ती खाली काढली. दुसरी सॅक बघायची असते हा विचारसुद्धा मनात आला नाही. लेक म्हणाली, "आई, एकदा दुकानात जाऊन ये." मी म्हटलं, घरात चांगली सॅक असताना पैसे कशाला घालवायचे? बँकेत पस्तीस वर्षं काढलेली बाई मी. पण खरं कारण पैशाचं नव्हतं, ते तिलाही कळत होतं आणि मलाही.

आता गणित बघा. हे सहा फुटी. मी पाच फूट एक इंच, वजन ५६ किलो. रिकाम्या सॅकचंच वजन २ किलो ८०० ग्रॅम. आणि सत्तर लिटर जागा दिसली की बाईमाणसाचा हात थांबतो का? तीन पंजाबी ड्रेस जादा घेतले. कुठे जायची वेळ आली तर, म्हणून एक सिल्कची साडी. चिवडा, लाडू, मेतकूट, एक इलेक्ट्रिक किटली, दोन जाड पुस्तकं. पाणी न धरता सगळं मिळून साडेबारा किलो. माझ्या वजनाच्या एक पंचमांशाहून जास्त.

पहिल्याच दिवशी पिरेनीज. सँ-जाँ समुद्रसपाटीपासून जेमतेम पावणेदोनशे मीटरवर आहे आणि खिंड चौदाशे मीटरच्या वर. एका दिवसात पंचवीस किलोमीटर. दोन तासांत माझे खांदे भरून आले. दुपारी उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं, वय झालं. ही आपली मैत्रीण माझ्या मागून चालत होती. ती म्हणाली, "अगं, तू सॅक नेत नाहीयेस, सॅक तुला नेतेय. डावीकडे झुकली की तू डावीकडे जातेस." मी तिच्यावर चिडले. दुसऱ्या दिवशी सुबिरी गावाकडे उतरणारी खडकाळ वाट लागली. तिथे सॅकने मला मागून असा हिसका दिला की मी गुडघ्यावर आपटले. गुडघा सुजला. संध्याकाळी निवासातल्या खाटेवर बसून मी हिशेब केला : अजून ७३५ किलोमीटर. आणि पहिल्यांदा वाटलं, आपण परत जाणार.

त्या रात्री मैत्रिणीने मला सॅक कशी काम करते ते समजावलं. निघण्यापूर्वी तिने महिनाभर अभ्यास केला होता. आपल्या वर्गातली पहिल्या बाकावरची मुलगी ती, सवय जाणार कुठे! तिने जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, ओझं खांद्यांनी वाहायचं नसतं, कमरेने वाहायचं असतं. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियात डिक आणि नेना केल्टी या नवरा-बायकोने आपल्या घरी ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅका बनवायला सुरुवात केली. त्यांनी या सॅकांना कमरपट्टा जोडून लोकप्रिय केला. त्या पट्ट्यामुळे बहुतेक भार खांद्यावरून उतरून कमरेच्या हाडावर आणि तिथून पायांवर जातो. पाय हे आपल्या शरीरातले सगळ्यात ताकदवान हमाल. पण हे कधी घडतं? पट्टा बरोबर कमरेच्या हाडावर बसला तर. माझ्या यजमानांच्या सॅकचा पट्टा माझ्या मांडीच्या वरच्या भागावर येत होता. म्हणजे तो नुसता शोभेला. सगळा भार खांद्यांवर, आणि खांद्यातल्या नसा दबल्या की बोटांना मुंग्या.

दुसरी गोष्ट, सॅकचं माप उंचीवरून घेत नाहीत, पाठीवरून घेतात. हे माप घरी घेता येतं. मान खाली घाला. मानेच्या मुळाशी सगळ्यात वर आलेलं हाड हाताला लागेल. तिथे टेपचं एक टोक. मग दोन्ही हात कमरेच्या हाडावर ठेवा, अंगठे मागे. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीवर जिथे येते तिथे टेपचं दुसरं टोक. एवढं अंतर म्हणजे तुमची पाठ. माझी ४१ सेंटिमीटर भरली. माझ्यापेक्षा उंच असलेल्या मैत्रिणीची ४२! तिचे पाय लांब आहेत, पाठ नाही. म्हणून 'मी उंच आहे, मला मोठी द्या' असं दुकानात सांगू नका, सेंटिमीटर सांगा. चांगल्या सॅका लहान, मध्यम, मोठ्या अशा पाठीच्या मापात मिळतात, किंवा मागचे पट्टे वर-खाली सरकवता येतात. बायकांसाठी वेगळ्या बनावटीच्याही असतात. त्यांचे खांद्याचे पट्टे जवळ-जवळ आणि कमरपट्टा थोडा तिरका असतो. पण लेबलावर विश्वास ठेवू नका, पाठीवर ठेवा. एखाद्या पुरुषाला बायकांची सॅक नीट बसली तर त्याने खुशाल घ्यावी.

तिसरी गोष्ट, सॅक आधी घ्यायची नाही. आधी सामानाची यादी करायची, सामान एका चादरीवर मांडायचं, निम्मं परत कपाटात ठेवायचं, मग राहिलेल्याचं वजन करायचं आणि ते मावेल तेवढीच सॅक घ्यायची. रिकामी जागा भरल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. निवासातून निवासात जाणाऱ्या प्रवासाला ३५ ते ४० लिटर पुरतात. तंबू आणि स्वयंपाकाचं सामान न्यायचं असेल तरच त्याहून मोठी. आठवड्याच्या प्रवासाला जेवढे कपडे लागतात तेवढेच दोन महिन्यांनाही लागतात, कारण दोन्हीकडे कपडे धुवायचेच असतात. एक जोड अंगावर, एक सॅकमध्ये, थंडीचा एक थर, पावसाचं एक जाकीट. संपलं.

वजन किती? चालणारे लोक सांगतात, शरीराच्या वजनाच्या दहा टक्के. गंमत म्हणजे केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणातही मुलांच्या दप्तरासाठी हीच मर्यादा आहे. आपल्या काळी खाकी कापडी दप्तरात चार वह्या आणि एक पाटी असायची. तेव्हा आपण हा नियम न कळता पाळत होतो आणि साठीला आल्यावर मोडतो. मात्र हे आडाखे आहेत, पाढे नव्हेत. लहान चणीच्या माणसाला दहा टक्क्यांत बसवणं अवघड जातं, धडधाकट माणूस थोडं जास्त नेऊ शकतो. पाणी विसरू नका, एक लिटर म्हणजे एक किलो.

चौथी गोष्ट, दुकानात रिकामी सॅक प्रत्येकाला छान बसते. म्हणून दुकानदाराकडून त्यात सहा-सात किलो वजन भरून घ्या. सगळे पट्टे सैल करून पाठीवर घ्या. आधी कमरपट्टा हाडावर बसवून घट्ट करा. मग खांद्याचे पट्टे, तेही फक्त टेकतील इतके. मग खांद्याच्या वर असलेले छोटे पट्टे हलके ओढा, म्हणजे सॅकचं डोकं पाठीकडे येतं. शेवटी छातीचा पट्टा, श्वास मोकळा राहील एवढाच. आता दुकानात वीस मिनिटं फिरा. जिना चढा, उतरा, खाली वाका. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. आपण साडी घेताना त्याला चाळीस साड्या उलगडायला लावतोच की!

उघडण्याच्या बाबतीत मी म्हणेन, बॅगेसारखी पुढून चेनने पूर्ण उघडणारी घ्या. फक्त वरून तोंड असलेल्या सॅकमध्ये तळाचा मोजा काढायला पहाटे पाच वाजता सगळं उपसावं लागतं आणि खोलीतले बाकीचे पंचवीस जण झोपेतून शिव्या देतात, त्या कुठल्याही भाषेत कळतात. कमरपट्ट्याला छोटे खिसे असावेत. पाण्याची बाटली सॅक न उतरवता हाताला यावी. भरताना जड वस्तू मध्यभागी, पाठीला चिकटून ठेवा. पावसाचं आवरण घ्याच, पण पाठीच्या बाजूने पाणी शिरतं, म्हणून आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी लावून त्यात कपडे भरा. विमानात केबिनच्या सामानाची मर्यादा बऱ्याच कंपन्यांची सात किलोच्या आसपास असते, ती आपापल्या तिकिटावर बघा. चालायच्या काठ्या सामानात द्याव्या लागतात. सॅक सामानात देताना ती मोठ्या पिशवीत घाला, नाहीतर पट्टे सरकत्या पट्ट्यात अडकतात. पॉवर बँक मात्र सामानात द्यायची नाही, ती जवळच ठेवायची. आणि आपल्या वयाची गोष्ट म्हणजे रोजच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी, हीही कायम हातातल्या पिशवीत.

आणखी एक सांगते. सगळ्यांनी सॅक घ्यायलाच हवी असं नाही. मुलाकडे अमेरिकेत तीन महिने राहायला जाणार असाल तर सरळ चाकांची बॅग घ्या. तिथे कोण बघणार आहे? जिथे रोज गाव बदलायचं आहे, जिने आहेत, दगडी रस्ते आहेत, तिथे सॅक. ज्यांच्या पाठीला त्रास आहे त्यांच्यासाठी कामिनोवर थोडे पैसे घेऊन सामान पुढच्या मुक्कामाला पोचवणाऱ्या गाड्या आहेत. त्यात कमीपणा नाही. आपल्या वारीतही दिंडीचं सामान ट्रकमधूनच जातं, म्हणून कुणाची वारी उणी होत नाही.

हे सगळं मी तुम्हाला आता शहाण्यासारखं सांगतेय. त्या रात्री सुबिरीत मात्र मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "ह्यांची सॅक मी सोडणार नाही." मैत्रीण काही बोलली नाही. सकाळी उठून बघते तर माझी किटली, पुस्तकं आणि लाडवांचा डबा तिच्या सॅकमध्ये. तिचं वजन माझ्याहून चार किलो कमी. दिवसभर ती एक अक्षर न बोलता ते वाहत होती. संध्याकाळी पाम्प्लोना शहरात शिरताना मी तिच्याकडे बघितलं. तिच्या चालण्यात मला माझं आदल्या दिवशीचं चालणं दिसलं, तसंच डावीकडे झुकलेलं. तेव्हा मला कळलं. माझ्या आठवणीचं ओझं मी हट्टाने घेतलं होतं, पण ते वाहत होती ती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो. दुकानात जाऊन वजन भरून, वीस मिनिटं फिरून, मी ३६ लिटरची एक सॅक घेतली. वजन १ किलो २०० ग्रॅम. मग टपाल कचेरीत गेलो. स्पेनच्या टपाल खात्याची यात्रेकरूंसाठी एक छान सोय आहे : नको असलेलं सामान सांतियागोला पाठवायचं, आणि आपण चालत तिथे पोचेपर्यंत ते सांभाळून ठेवतात. ह्यांची सॅक मी त्यात घातली. घडी करताना झाकण आपोआप उघडलं आणि ते मार्करचं नाव दिसलं. खिडकीमागच्या बाईंनी थोडा वेळ वाट बघितली. मग मीच खोका पुढे सरकवला.

चिवडा आणि लाडू आम्ही त्या रात्री निवासात वाटले. एका कोरियन मुलीने लाडवाची कृती लिहून घेतली. आता माझं ओझं पाणी सोडून ६ किलो ४०० ग्रॅम झालं. दहा टक्क्यांहून थोडं जास्त, पण माझं मी वाहत होते. तीन दिवसांत मुंग्या थांबल्या. गुडघा आठवड्याने उतरला.

आणि त्या आपल्या मैत्रिणीचं एक गुपित आज फोडते, तिने नाही म्हटलं तरी. जिने वजन वाचवायला दात घासायच्या ब्रशचा दांडा निम्मा कापला होता, तिच्या सॅकमध्ये एक दगड होता. कामिनोवर दीड हजार मीटर उंचीवर लोखंडी क्रुसाचा एक उंच खांब आहे. त्याच्या पायाशी चालणारे लोक घरून आणलेला दगड ठेवतात. हिने आणलेला खडा आपल्या शाळेच्या मैदानातला होता, पिंपळाच्या पारापासचा. चाळीस ग्रॅमचा. "याचं वजन मी धरलेलं आहे," म्हणाली. तेव्हा मित्रहो, शाळेचा एक खडा सध्या स्पेनमध्ये आहे. मुख्याध्यापकांनी जडवस्तू नोंदवहीत तशी नोंद घ्यावी.

सांतियागोला आम्ही सदतिसाव्या दिवशी पोचलो. टपाल कचेरीतून खोका घेतला. चर्चसमोरच्या चौकात मी दोन्ही सॅका शेजारी शेजारी ठेवून बसले. ह्यांची सॅक सांतियागोला पोचली, फक्त पाठीवरून नाही. एवढंच.

आता ती माझ्या भाच्याकडे असते. तो सहा फूट एक इंच आहे. मागच्या महिन्यात राजगडावरून त्याने फोटो पाठवला. पट्टा अगदी बरोबर कमरेच्या हाडावर बसला होता. मी लगेच बघितलं.

तेव्हा 'सॅक कुठली घेऊ' या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे कंपनीचं नाव नाही. टेप घ्या, पाठ मोजा, चादरीवर सामान मांडा, निम्मं काढून ठेवा, वजन भरून बघा. आणि सॅक माळ्यावर असेल तर ती कुणाच्या पाठीची आहे, हे आधी विचारा. उन्हाळ्यात आम्ही दोघी पुन्हा निघतोय, यावेळी पोर्तुगालच्या किनाऱ्याने. कुणाला यायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीत भेटा. वजनकाटा मी पिशवीत आणलेला आहे.